आत्याने खाल्लेला खोडरबर

गल्लीत त्याला सगळे तयारीमास्तर म्हणत. हे नाव त्याच्या आत्याने पाडलं होतं, आणि आत्याने पाडलेलं नाव असं चिकटायचं की आईबापांनी ठेवलेलं नाव आठवायला खुद्द त्यालाही अलीकडे डोकं खाजवावं लागायचं.

दिवसा तो एका चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. गिऱ्हाईक आत आलं रे आलं की मालक त्याचा नंबर काढायचा आणि तयारीमास्तर त्याचं नाक काढायचा. मनातल्या मनात हं. कागदावर नाही. कागदावर माणसांचे चेहरे काढायचे, तेही नुसत्या पेन्सिलीने, एवढीच त्याला आयुष्यात हौस होती, आणि त्याची तयारी चालू होती. ऐन तारुण्यात सुरू झालेली तयारी आता कानावरचे केस पांढरे झाले तरी चालूच होती.

ही सगळी तयारी घराच्या वरच्या खोलीत राहायची. तिथे पेन्सिली अशा होत्या की विचारू नका. काही इतक्या कडक की कागदाला भोक पडायचं पण रेघ दिसायची नाही. काही इतक्या मऊ की त्यांच्याजवळ उभं राहून सुस्कारा टाकला तरी समोरची भिंत काळी व्हायची. कागद परदेशी, जाडजूड, इतका उंची की त्याला हात लावायच्या आधी तयारीमास्तर साबणाने हात धुवायचा आणि मग हात धुण्यातच दमून झोपायचा. गुंडाळून ठेवलेल्या त्या कागदाला इतक्या वर्षांत गुंडाळीची एवढी सवय झाली होती की उलगडायला गेलं की तो फटकन मिटायचा आणि कोपरापर्यंत हात गिळायचा. चित्र लावायच्या स्टँडला इतके स्क्रू आणि इतके चिमटे होते की एकदा एका विमा एजंटाचा टाय त्यात अडकला. बिचारा दिवे लागेपर्यंत तिथेच उभा होता. सुटायच्या आशेने त्याने स्टँडलाच पॉलिसी समजावून सांगितली म्हणतात. आणि खोडरबर? एका कडक उन्हाळ्यात कपाटातले सगळे खोडरबर वितळून एकमेकांच्या गळ्यात पडले आणि त्यांचा भोपळ्याएवढा एकच गोळा झाला. त्याने काही खोडायचं म्हणजे दोन माणसं लागली असती.

खोलीला एकच खिडकी, ती पूर्वेला. पण त्याच्या चित्रकलेच्या पुस्तकात लिहिलं होतं की चेहऱ्यावर उजेड उत्तरेकडून पडायला हवा. म्हणून तयारीमास्तरने पूर्वेच्या खिडकीला जाड काळा पडदा खिळ्यांनी ठोकला होता, आणि उत्तर दिशा खोलीत कशी आणावी यावर त्याचा विचार चालू होता.

नेमक्या या पडद्यावरून ठिणगी पडली.

"बाळ्या," एका सकाळी आत्या म्हणाली. पन्नाशीला टेकलेल्या पुतण्याला बाळ्या म्हणणारी जगात ती एकटीच उरली होती. "माझे गुडघे गारठून दारासारखे कुरकुरतायत. या घरात सकाळचं ऊन एकाच खोलीत येतं आणि तिथे तू त्याला येऊ देत नाहीस. बिचारं रोज येतं, पडद्यावर डोकं आपटतं आणि शेजाऱ्यांकडे जातं."

"अगं आत्या, पण माझी तयारी—"

"तुझी तयारी जिन्याखाली ने. रविवारी सुतार येतोय. पडदा काढायचा, तुझं भंगार काढायचं आणि तिथे माझी आरामखुर्ची टाकायची."

"भंगार!" तयारीमास्तर किंचाळला. जिन्याखाली म्हणजे छत्र्या, तुटका पंखा आणि झुरळं. तिथे गेलेली वस्तू परत माणसात येत नसे. ही खोली गेली की चेहरे काढायची हौसही छत्र्यांबरोबर टांगली जाणार, हे त्याला लख्ख दिसलं. "आत्या, एक संधी दे. तुझंच चित्र काढून दाखवतो!"

आत्या हसली. हसताना तिचा डावा गाल हलला नाही, कारण त्यात काहीतरी होतं.

इथे आत्याच्या डाव्या गालाबद्दल सांगायलाच हवं. आत्या काहीही खात नसे. म्हणजे असं तिचं म्हणणं होतं. पंगतीत बसली की दोन घास चिवडून उठायची आणि "माझं काय, मी हवेवर जगते" म्हणायची. पण सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत तिच्या डाव्या गालात शेंगदाणे, बिस्किटाचा तुकडा, सुका मेवा, काही ना काही वस्तीला असायचंच. सगळ्या गल्लीला हे माहीत होतं आणि बोलायची कुणाची छाती नव्हती. फक्त तिचा बोका, ज्याला सगळे साहेब म्हणत, तो उघड उघड या गुपितावर जगत होता. तो आत्यासमोर बसायचा, पुढचा पंजा तिच्या डाव्या गालाच्या दिशेने उचलायचा आणि खर्जात एकदाच म्याव करायचा. मग आत्या इकडेतिकडे बघून त्याच्यापुढे तुकडा टाकायची.

"माझं चित्र?" आत्या म्हणाली. "अरे, फोटोवाल्यांनी हात टेकले माझ्यापुढे."

आणि ते खरंच होतं. कॅमेरा दिसला की आत्या गालातला ऐवज गिळायची, ओठ शिवायची आणि समोर चोर उभा असल्यासारखी डोळे वटारायची. घरातल्या प्रत्येक फोटोत एक अनोळखी, रागीट बाई उभी होती. आल्बम बघताना आत्या दरवेळी बोट ठेवून विचारायची, "ही कोण बया मध्येच घुसलीय?"

"फोटोचं सोड. मी पेन्सिलीने काढणार," तयारीमास्तर म्हणाला.

"बरं. रविवारी बसते. चित्रातली बाई मीच आहे असं माझ्या तोंडून बाहेर पडलं, तर खोली तुझी. नाही पडलं, तर जिन्याखाली. आणि माझ्या तोंडून काय बाहेर पडतं आणि काय नाही, ते माझं मी बघेन."

तयारीमास्तर तयारीला लागला. पेटीतल्या झाडून सगळ्या पेन्सिलींना त्याने अशी टोकं काढली की माशीने त्यावर बसण्याआधी विचार केला असता. राहिला खोडरबर. भोपळा कामाचा नव्हता. पण पुस्तकात होतं की जुने चित्रकार पावाच्या मऊ तुकड्याने खोडत. झालं! तो तडक बेकरीत गेला.

"मला एक खास पाव हवाय," तो बेकरीवाल्याला म्हणाला. "मीठ नको, तेल नको, लोणी नको, वरचं कवच नको. नुसता मऊ पांढरा गर."

बेकरीवाला हळवा माणूस. त्याने पिठाचे हात पुसले आणि आवाज खाली आणला. "घरी कोण आजारी आहे?"

"आजारी कुणी नाही हो. आत्याला बसवायचंय."

"उठून बसवतच नाही का त्यांना? अरेरे! तुम्ही काळजी करू नका. मी करतो बरोबर."

रविवारी सकाळी खाकी पिशवीतून पाव आला, तो तयारीमास्तरने स्टुलाशेजारी काढून ठेवला, आणि मग आत्या जिना चढून वर आली. तिच्यामागून शेपटी ताठ करून साहेब, आणि साहेबामागून सुतार. या सुताराची एक खोड होती. तो चपटी लाल पेन्सिल कानामागे खोचायचा आणि मग दिवसभर ती शोधायचा. आल्या आल्या त्याने विचारलंच, "माझी पेन्सिल बघितली का कुणी?"

"कानामागे आहे," आत्या म्हणाली.

"अरेच्चा!" सुतार म्हणाला, आणि खूश होऊन खोली मापायला लागला.

आत्या बसायला जागा शोधू लागली. एकच स्टूल होतं आणि त्यावर पेन्सिलींची पेटी. आत्याने पेटीला कमरेने धक्का दिला, जसा बसच्या बाकावर पसरलेल्या माणसाला देतात. पेटी दारातून बाहेर गेली, जिन्यावर पोचली आणि प्रत्येक पायरीशी वेगळी ओळख करून घेत, खाली छत्र्यांपाशी जाऊन थांबली.

"पडली वाटतं," आत्या म्हणाली.

तयारीमास्तर धावत खाली गेला, पेटी छातीशी धरून वर आला. उघडून बघतो तर पेन्सिली वरून धडधाकट! एकही मोडलेली नाही. त्याने देवाचे आभार मानले, एक उचलली आणि कागदाला टेकवली. टोक टपकन पडलं. दुसरी घेतली. टपकन. पेन्सिल उंचावरून पडली की लाकूड शाबूत राहतं आणि आतल्या शिशाचे तुकडे होतात, हे त्याला पुस्तकांतून माहीत होतं. पण पुस्तकातलं खरं असतं, हे त्या दिवशी कळलं.

मग त्याने विजेवर चालणारं टोकयंत्र काढलं. पेन्सिल आत घातली, घर्रर्र, बाहेर काढली, टोक टपकन. पुन्हा आत, घर्रर्र, टपकन. हळूहळू यंत्राला चटक लागली. ते पेन्सिली सोडेना. हा एक बाहेर ओढायचा तर ते दुसरी आत खेचायचं. पेटी रिकामी झाली, तेव्हा खोलीत गुडघाभर सालं साठली होती आणि यंत्र ढेकर दिल्यासारखं एक आवाज करून कायमचं थंड पडलं. साहेबाने सालांत तीन गिरक्या घेतल्या, अंथरूण केलं आणि झोपला.

"झालं का चित्र?" आत्याने विचारलं. तिने फोटोतलं तोंड करून ठेवलं होतं, तेच, चोर पकडलेलं.

"आत्या, नव्या पेन्सिली मागवतो. मला थोडे महिने दे. तयारी जरा—"

"सुतारा, पडदा काढ."

सुताराने पक्कडीने खिळे उपसले. काळा पडदा धपकन खाली आला, आणि इतकी वर्षं बाहेर ताटकळलेलं ऊन एकदम आत घुसलं. ते आधी धुळीवर पडलं, मग स्टँडवर, मग थेट आत्याच्या अंगावर जाऊन बसलं.

"आहाहा!" आत्या म्हणाली. तिचे गुडघे सैल झाले, खांदे सैल झाले आणि मग तोंडही सैल झालं. वटारलेले डोळे मिटत आले. कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर, हनुवटीच्या खळीत ऊन मुरलं. आपलं चित्र काढलं जाणार होतं, हे ती साफ विसरली. तिचा हात आपोआप बाजूला गेला, काहीतरी मऊ त्याला लागलं आणि डावा गाल हळूहळू फुगायला लागला.

तयारीमास्तर बघतच राहिला. आयुष्यभर तो या बाईसमोर जेवला होता, तिच्या शिव्या खाल्ल्या होत्या, पण हा चेहरा उजेडात कधी बघितलाच नव्हता. त्याची बोटं अशी शिवशिवायला लागली की त्यांना थांबवणं त्याच्या हातात राहिलं नाही. त्याने उंची कागद ओढला. कागदाने त्याचा हात गिळला. त्याने हात सोडवला, बेकरीतून पाव आला होता ती खाकी पिशवी टराटरा फाडली, स्टँडच्या चिमट्यांना लांबूनच नमस्कार केला आणि कागद एका फळीवर धरला. पेन्सिल? सुतार पाठमोरा उभा होता. कानामागे चपटी लाल पेन्सिल. तयारीमास्तरने ती अलगद उपसली आणि रेघ मारली.

पहिलीच रेघ चुकली. नाक हनुवटीपर्यंत आलं. त्याने शेजारचा पाव चाचपला, चिमूटभर गर घेतला आणि घासला. खोडलं जायच्याऐवजी तिथे तुपकट, चकचकीत डाग पडला, आणि तो पसरत पसरत डाव्या गालावर गेला.

"असं कसं?" तो पुटपुटला आणि आणखी पाव घ्यायला हात लांबवला. हाताला नुसते कण लागले.

"आत्या, इथे पाव होता."

"हं?" आत्या डोळे न उघडता म्हणाली. तोंड भरलेलं होतं.

"पाव! इथला पाव कुठे गेला?"

"मला काय माहीत? मी खाते का काही कधी?"

"आत्या, तो पाव नव्हता. तो माझा खोडरबर होता!"

आत्याने चावणं थांबवलं. क्षणभर विचार केला. "खोडरबर इतका गोड असतो?" ती म्हणाली, आणि लगेच, "असेल बाबा. मला चव कुठून कळणार?" आणि पुन्हा चावू लागली.

आता खोडायला काही उरलं नाही. इथून पुढे जी रेघ पडेल ती पडली; तिला माघार नाही. म्हणून एक रेघ मारायच्या आधी तो आत्याकडे खूप वेळ बघायला लागला, चष्म्याच्या दुकानात बघायचा तसं. पापणी कुठे वळते, नाकपुडी कुठे संपते, हसू गालाच्या कुठल्या घडीत लपतं. मग एकच रेघ मारायची. तरी चुकलीच, तर तिला तसंच लांबवत वर न्यायचं आणि केसांत सोडून द्यायचं. त्यामुळे आत्याचे केस भलतेच दाट होत चालले. चपटी पेन्सिल आडवी धरली की रुंद सावली पडायची, उभी धरली की केसाएवढी बारीक रेघ. गालावरचा तुपकट डाग तर असा जागेवर बसला की गाल कागदातून बाहेर आला.

मागे सुतार कपाट हलवत होता. "माझी पेन्सिल कुणी बघितली का? आता होती हो कानामागे!" कुणी लक्ष दिलं नाही. त्याने सालांचा ढीग उपसला, साहेबाला उचलून त्याच्याखाली बघितलं आणि परत ठेवलं.

तेवढ्यात बेकरीवाला दबक्या पावलांनी वर आला. हातात आणखी एक पाव. "पेशंट कशी आहे?"

"कोण पेशंट?" आत्या उठून बसली.

"अरे वा, उठून बसल्या!" बेकरीवाल्याचे डोळे भरून आले. "माझा पाव लागू पडला. आजारी माणसाला म्हणून मी त्यात दूध, साखर आणि चार चमचे लोणी जास्तच घातलं होतं."

तयारीमास्तरने त्याच्याकडे असं बघितलं की बेकरीवाल्याने हातातला पाव पाठीमागे लपवला. पण भांडायला वेळ नव्हता. चित्र झालं होतं. आयुष्यातलं पहिलं. त्याने ते भिंतीला टेकवून ठेवलं आणि स्वतः बाजूला झाला.

सुतार पेन्सिल शोधायचं विसरला. बेकरीवाल्याने आ वासला. कागदावर आत्या बसली होती. उन्हात सुखावलेली, डोळे अर्धे मिटलेले, आणि डावा गाल टम्म फुगलेला.

आत्या जवळ गेली. लांब गेली. मान वाकडी करून बघितलं.

"केस झकास काढलेस," ती म्हणाली. "पण ही मी नव्हे."

"आत्या!"

"अरे, ही कुठली खादाड बाई आहे! गालात काय कोंबलंय बघ. मी अशी दिसते? काय हो सुतार?"

सुतार छताकडे बघायला लागला. बेकरीवाला सुताराकडे बघायला लागला.

"ठरलं होतं तसं," आत्या म्हणाली. "घे आवरायला."

तयारीमास्तर वाकला आणि सालं गोळा करायला लागला. मूठभर सालं उचलावी, कुठे ठेवावी ते सुचू नये, परत खाली टाकावी, असं त्याचं चाललं होतं. चित्राकडे तो बघत नव्हता. आत्या मात्र चोरून बघत होती, त्या केसांकडे.

या हलवाहलवीत साहेबाची झोप मोडली. त्याने आळस दिला, अंगावरची सालं झटकली आणि चालू लागला. आत्याच्या पायाला घासून तो पुढे गेला, तिच्याकडे ढुंकूनही न बघता, आणि थेट चित्रासमोर जाऊन बसला. शेपटी पायांभोवती गुंडाळली. मान वर केली. उजवा पंजा उचलून बरोबर चित्रातल्या डाव्या गालावर ठेवला, आणि खर्जात म्हणाला, "म्याव."

चित्राने काही दिलं नाही. साहेबाने पुन्हा पंजा मारला. "म्याव!"

"अरे मेल्या!" आत्या फाडकन म्हणाली. "तो पाव तर मघाशीच संपला ना? आता काय उरलंय माझ्या गालात?"

"आत्या," सुतार हळूच म्हणाला, "पण साहेब तुमच्याकडे कुठे बघतोय? त्याची तर पाठ आहे तुमच्याकडे."

आत्याने साहेबाकडे बघितलं. चित्राकडे बघितलं. स्वतःच्या डाव्या गालाला हात लावला. मग तिच्या लक्षात आलं की एका वाक्यात तिने दोन गोष्टी कबूल केल्या होत्या, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर. तिचा चेहरा आधी लाल झाला, मग थरथरला, आणि मग ती अशी हसत सुटली की गालातला शेवटचा तुकडा उडाला आणि साहेबाने तो वरच्या वर झेलला.

"बोक्याने घात केला!" ती डोळे पुसत म्हणाली. "घे बाबा, खोली तुझी. पण एक सांगते. पडदा परत लागणार नाही. माझी खुर्ची इथेच, उन्हात. मला बघून तुला काय काढायचं ते काढ. आणि ते भंगार जिन्याखाली."

"हो, हो, सगळं नेतो!" तयारीमास्तर म्हणाला, आणि खरंच न्यायला लागला. भोपळा, स्टँड, गिळका कागद, सगळं. सुताराने त्याला मदत केली. स्टँड उतरवताना सुताराची नजर त्याच्या कानाकडे गेली.

"ओ! ती माझी पेन्सिल!"

तयारीमास्तरने कानामागे हात नेला. खरंच होती. "दादा, ही मला राहू द्या," तो काकुळतीला येऊन म्हणाला. "बदल्यात हे सगळं घ्या. स्टँड घ्या, कागद घ्या, कपाट घ्या."

सुताराने त्या डोंगराकडे बघितलं. "मला काय करायचंय याचं? माझी पेन्सिल द्या."

शेवटी बेकरीवाल्याच्या मध्यस्थीने पेन्सिल करवतीने मधोमध कापून अर्धी अर्धी वाटून घेतली. सुताराची अर्धी त्याच दुपारी हरवली.

ते चित्र अजून त्या खोलीत भिंतीवर आहे, बोक्याचा पंजा पोचणार नाही इतक्या उंचावर. साहेब तरी रोज त्याच्याखाली बसून एकदा अर्ज करतोच. गल्लीतला एकही चेहरा आता पिशवीच्या कागदावर उतरायचा राहिलेला नाही. बेकरीवाल्याच्या फळीवर त्या गोड पावापुढे "खोडरबर" अशी पाटी लागली आहे, आणि लोक सकाळच्या चहाला सहा-सहा खोडरबर घेऊन जातात. आत्या काही खात नाही ती नाहीच. ती फक्त सकाळी उन्हात खुर्ची सरकवते, गुडघ्यांवर शाल घेते आणि पुतण्याच्या हातात पेन्सिलीचं ते थोटूक दिसलं की मोठ्या आशेने विचारते,

"बाळ्या, आज काही खोडायचंय का रे?"